मुळासकट उपटलेलं

गोल्फमध्ये एक रीत आहे. फटक्यानं मुळासकट गवताचा तुकडा उडाला, तर खेळणाऱ्यानं तो उचलून जागेवर बसवायचा, पायानं दाबायचा. बहुतेक वेळा बघायला पंचही नसतो. ज्याचं इमान त्याच्यापाशी.

येरवड्याला पूना क्लबचं १८ भोकांचं, झाडीतलं मैदान आहे. मी माळीकाम केलं ते दुसरं. पण काम सगळीकडं तेच. भोकाभोवतीचं गवत तीन-चार मिलिमीटरवर कापायचं, पाणी द्यायचं, फांद्या छाटायच्या. सावलीत गवत मरतं.

आमचा आजा पानशेतचा. महारवाडा धरणात गेला. सातबाऱ्यावर नाव नव्हतं, म्हणून मोबदलाही नाही. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, पुणं बुडालं. ते सगळ्यांच्या ध्यानात आहे. त्याआधी आम्ही उठलो, ते कुणाच्याच नाही. धरण पुन्हा बांधलं. आम्हाला कुणी पुन्हा बसवलं नाही.

मग गवताला जो न्याय, तो माणसाला का नाही?

कुणी म्हणेल, शहराला पाणी नको काय? पाहिजे की! खडकवासल्यातून येणारं पानशेतचं पाणी आज मीही पितो. म्हणजे उपटणाऱ्यांत मीही आलो. हे कबूल करताना जीभ जड होते. पण जो जो हे पाणी पितो, त्याला वाकावं लागेल. सरकारनं काय ते बघावं, असं म्हणून सुटका नाही.

तुकडा लगेच बसवला तर मूळ धरतो. उशीर झाला की वाळतो. आजा वाळून गेला. पोरं अजून ओली आहेत.