दोर कोणी कापायचे?

मार्चमधल्या एका रात्री साडेअकराला मावसबहिणीचा मेसेज आला. "दादा, जागा आहेस? तुमच्याकडे डेटा सायन्सची जागा निघालीये ना? मला रेफर करशील?"

ती पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत जीवशास्त्रात पीएचडी करते. चौथं वर्ष चालू आहे. मावशी तिची ओळख करून देताना 'आमची शास्त्रज्ञ' म्हणते आणि मग समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघते.

मी लॅपटॉप उघडला. रेफरलचा फॉर्म मला पाठ आहे. नाव, ईमेल, रेझ्युमे आणि शेवटी एक चौकट : ही व्यक्ती या कामासाठी योग्य का वाटते? कॉलेजच्या मित्रांसाठी ही चौकट मी दोन मिनिटांत भरतो. त्या रात्री भरता येईना. फॉर्म ड्राफ्टमध्ये ठेवला आणि तिला लिहिलं, "उद्या बोलू."

झोप लागली नाही, कारण स्वतःचाच राग येत होता. सहा वर्षांत मी तीन कंपन्या बदलल्या. दर वेळी लोकांनी अभिनंदन केलं आणि हाइक किती मिळाली ते विचारलं. आमच्याकडे याला 'स्विच' म्हणतात. तो कधी करावा, किती वेळा करावा यावर लोक जेवणाच्या सुट्टीत उघडपणे बोलतात. मग तिनं नुसतं विचारलं, तर मी एखाद्या पापात भागीदार होतोय असं मला का वाटावं?

दुसऱ्या दिवशी फोनवर तिला हेच सांगितलं. ती म्हणाली, "तुला तसं वाटलं, तर मला काय वाटत असेल? लॅबमध्ये मी लिंक्डइन इन्कॉग्निटोमध्ये उघडते."

आम्ही हसलो. पण त्यातली लाज खरी होती. ती लाज योग्य आहे का, हा या लेखाचा प्रश्न आहे.

आधी व्यवहाराचं बोलू. केंद्राच्या फेलोशिपवर पीएचडी करणाऱ्याला १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. घरभाडं वेगळं. ही रक्कम साधारण पाच वर्षांसाठी असते. त्यानंतर पोस्टडॉक, बहुतेकदा परदेशात, तेही दोन-तीन वर्षांच्या करारांवर. प्राध्यापकाची किंवा शास्त्रज्ञाची कायम जागा मिळाली तर त्यानंतर.

आता एक साधं गणित. समजा, एका गाइडनं तीस वर्षांच्या नोकरीत बारा विद्यार्थ्यांना पीएचडी दिली. तो निवृत्त होतो तेव्हा जागा एकच रिकामी होते. जागांची संख्या वाढली नाही, तर उरलेल्या अकरा जणांना दुसरीकडे जावंच लागणार. नव्या संस्था निघाल्या तर आणखी एकदोघांची सोय होईल, इतकंच. म्हणजे बाहेर पडणं हा या व्यवस्थेतला अपघात नाही, तो तिचा नेहमीचा शेवट आहे. तरीही आपण त्याला 'सोडलं' म्हणतो आणि जो आत राहिला त्याला 'टिकला' म्हणतो. अकरा जणांच्या वाटेला नावच नसेल, तर ती वाट शोधणाऱ्याला चोरासारखं वाटणारच.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं. विज्ञान ही नोकरी नाही, साधना आहे. एक पाय दाराबाहेर ठेवून ती होत नाही. हे मला उडवून लावता येत नाही. कातालिन कारिकोंचं उदाहरण सगळे देतात. १९९५ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानं त्यांना खालच्या पदावर आणलं. त्या एमआरएनएवर काम करत राहिल्या. ड्रू वाइसमन यांच्याबरोबरचा त्यांचा महत्त्वाचा शोधनिबंध २००५ साली आला आणि २०२३ साली दोघांना नोबेल मिळालं. त्यांनी १९९५ मध्ये सुरक्षित नोकरी धरली असती, तर?

हे मी फोनवर बहिणीला ऐकवलं. तिनं मला डग्लस प्रॅशर ऐकवले.

तिच्या प्रयोगात पेशींमधली प्रथिनं हिरवी चमकतात. जेलीफिशमधल्या ज्या प्रथिनामुळे हे शक्य होतं, त्याचं जनुक प्रॅशर यांनी वेगळं करून १९९२ साली प्रसिद्ध केलं. पुढच्या कामासाठी त्यांना निधी मिळाला नाही. त्यांनी ते जनुक मार्टिन चाल्फी आणि रॉजर चेन यांना देऊन टाकलं. २००८ साली याच प्रथिनावरच्या कामासाठी चाल्फी, चेन आणि ओसामु शिमोमुरा यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा प्रॅशर अमेरिकेतल्या हंट्सविल गावात एका मोटार डीलरकडे ग्राहकांची ने-आण करणारी गाडी चालवत होते. चाल्फी आणि चेन यांनी त्यांना सोहळ्यासाठी स्टॉकहोमला नेलं. काही वर्षांनी प्रॅशर यांनी चेन यांच्या प्रयोगशाळेत कामही केलं.

"त्यांची निष्ठा कमी होती का?" तिनं विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. चिकाटीची गोष्ट आपण शेवट माहीत झाल्यावर सांगतो. कारिको १९९५ मध्ये जिथे उभ्या होत्या, तिथे त्यांच्यासारखेच आणखी किती लोक उभे असतील. त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही, कारण त्यांना शेवट नाही. अशी एक गोष्ट निवडून पंचविशीतल्या मुलीला ऐकवणं म्हणजे लॉटरी लागलेल्या माणसाचा फोटो दाखवून तिकीट विकणं.

तरी साधनेचा मुद्दा उरतोच. पर्याय डोळ्यांसमोर असेल, तर माणूस अवघड काम अर्ध्यावर टाकतो, हे मी स्वतःवरून सांगू शकतो. इथे मला शाळेतली सिंहगडाची गोष्ट आठवते. १६७० साल. तानाजी पडतो, मावळे दोरांकडे पळतात आणि सूर्याजी ओरडतो की दोर कापून टाकलेत. मावळे मागे फिरतात, गड मिळतो. परतीची वाट बंद केली की माणूस जीव तोडून लढतो, हा धडा आपण त्यातून घेतला. घरात, क्लासमध्ये, प्रयोगशाळेतही तो वापरतो.

पण गोष्टीतल्या दोन बाबी आपण विसरतो. एक, ती लढाई एका रात्रीची होती. दहा-बारा वर्षांच्या कामाला तोच नियम कसा लावायचा? दुसरी जास्त महत्त्वाची. दोर कापणारा सूर्याजी स्वतः गडावर होता. त्याची परतीची वाटही तुटली होती. ज्यांची नोकरी कायम आहे, त्यांनी गडाच्या पायथ्याशी उभं राहून वर चढलेल्या मुलांचे दोर कापणं याला शौर्य म्हणता येत नाही. मी तर त्याहून लांब होतो. आयटी पार्कमधल्या खुर्चीत बसून मी तिच्या दोराला हात घालत होतो.

म्हणून मला वाटतं, दोर कापायचाच असेल, तर तो वर चढणाऱ्यानं स्वतः कापावा. त्यासाठी दोर आहे, तो कुठे जातो आणि किती मजबूत आहे, हे त्याला आधी माहीत हवं. दुसरं काहीच माहीत नसलेला माणूस प्रयोगशाळेत राहिला, तर तो निष्ठेनं राहिला की भीतीनं, हे त्याचं त्यालाही सांगता येणार नाही. सगळ्या वाटा बघून जो म्हणतो की मला हेच करायचंय, त्याच्या शब्दाला वजन आहे.

'पर्याय बघायला लागली की मुलं काम करत नाहीत' हा दावा तपासूनही झालाय. अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं २०१३ पासून 'बेस्ट' नावाच्या योजनेतून १७ संस्थांना निधी दिला. पीएचडीच्या विद्यार्थ्यांना आणि पोस्टडॉक करणाऱ्यांना उद्योग, धोरण, विज्ञानलेखन, पेटंट अशा क्षेत्रांची ओळख करून द्यायची, हा हेतू. दहा संस्थांतल्या माहितीचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. असे उपक्रम करणाऱ्यांना पदवीला जास्त वेळ लागला नाही आणि त्यांचे शोधनिबंधही कमी झाले नाहीत. २०१२ पासून 'माय आयडीपी' नावाचं एक मोफत ऑनलाइन साधनही आहे. तुमची कौशल्यं, आवडी आणि मूल्यं विचारून ते विज्ञानातले वीस करिअरमार्ग तुमच्याशी कितपत जुळतात ते दाखवतं. बहिणीनं ते भरलं. तिच्या यादीत डेटा सायन्स पहिलं आलं नाही. वर आलं विज्ञानशिक्षण, ज्याचा तिनं कधी विचारच केला नव्हता.

म्हणजे तिला माझ्या कंपनीत यायचंच होतं असं नाही. तिला बाहेर पडण्याचं एकच दार दिसत होतं आणि त्या दारात तिचा दादा उभा होता.

आता दुसरी बाजू, नाहीतर हा लेख अप्रामाणिक होईल. शोधणं आणि सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शोधण्यात मला काहीच गैर दिसत नाही. सोडण्याला मात्र किंमत असते आणि ती फक्त सोडणारा भरत नाही. तिच्यानंतर आलेल्या दोन मुलींचे प्रयोग तिनं तयार केलेल्या पेशींवर अवलंबून आहेत. गाइडनं तिच्या भरवशावर एक प्रकल्प मागितलाय. 'सरकारचा पैसा वाया गेला' हे मला पटत नाही. तो पैसा तिनं केलेल्या कामाचा आहे आणि ते काम वहीत, फ्रीजरमध्ये, निबंधांत शिल्लक राहतं. पण माणसांना दिलेला शब्द हिशेबात धरावा लागतो. आम्ही कंपनी सोडताना नोटीस पीरियड देतो, नॉलेज ट्रान्सफर करतो. प्रयोगशाळा सोडणाऱ्यानंही निदान तेवढं द्यावं. आणि लपून गेलं, तर तेवढंही देता येत नाही. म्हणून जिथे विचारण्याचीच लाज वाटते, तिथे माणसं अचानक जातात आणि नुकसान सगळ्यांचं होतं.

फोन ठेवण्याआधी ती म्हणाली, "दादा, एक विचारू? मी शास्त्रज्ञ व्हावं असं तुला का वाटतं?"

बारावीनंतर मला फिजिक्स घ्यायचं होतं. बाबा म्हणाले, आधी इंजिनिअरिंग कर, मग बघू. मी कधी बघितलं नाही. घरात एक जण ते करतोय याचं मला बरं वाटत होतं. माझी राहून गेलेली गोष्ट ती पुरी करत होती, तीही महिना ४२,००० मध्ये. त्या रात्री चौकट भरता आली नाही, त्याचं खरं कारण हे होतं. हे मी तिला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग तू संध्याकाळी फिजिक्स वाच ना. माझ्यावर कशाला टाकतोस?"

गेल्या आठवड्यात ती गाइडशी बोलली. थिसिस पुरा करणार, पण पोस्टडॉक करायचं की नाही हे ठरवलेलं नाही आणि महिन्यातून दोन शनिवार एका विज्ञानकेंद्रात मुलांना शिकवायचंय, असं सांगितलं. मॅडम रागावतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी बराच वेळ पेन फिरवलं आणि म्हणाल्या, "मला माझ्या गाइडला हे विचारायचं धाडस झालं नव्हतं." मग नेहमीच्या आवाजात सोमवारपर्यंत आकृत्या मागितल्या.

माझा फॉर्म अजून ड्राफ्टमध्ये आहे. तिनं सांगितलं तर पाठवीन. 'ही व्यक्ती योग्य का वाटते' या चौकटीत काय लिहायचं, हे आता मला माहीत आहे.