चूल, केरसुणी आणि सोनखत

घर चालवायचे तर रोज कुणाचा तरी जीव जाणार, ही कबुली धर्मशास्त्राने फार पूर्वी देऊन ठेवली आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातली पाच वधस्थाने सांगितली आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. सरपणातली वाळवी जळते, धान्यातले किडे दळले जातात, केराबरोबर मुंग्या जातात. यातले काहीच टाळता येत नाही, म्हणून रोज पाच यज्ञ करावेत, असा त्यावरचा उतारा. त्यातला भूतयज्ञ म्हणजे शिजलेल्या अन्नातला वाटा प्राणिमात्रांसाठी बाहेर काढून ठेवणे.

हल्ली पर्यावरणस्नेही घराची जाहिरात नेमकी उलट्या टोकाकडून सुरू होते. छपरावर सौर पट्ट्या, अंगणात पावसाच्या पाण्याची टाकी, गच्चीवर भाजीचे वाफे. वीजबिल वाचेल, टँकरची वाट पाहावी लागणार नाही, उन्हाळा सुसह्य होईल. यातले काहीच खोटे नाही. पण इथे घर म्हणजे बाहेरच्या संकटापासून वाचवायची मालमत्ता असते. जुन्या विचारात घर हेच संकट होते, निदान मुंगीच्या बाजूने पाहिले तर. घराने स्वतःला वाचवायचे की स्वतःपासून इतरांना, हा खरा प्रश्न, आणि तो वास्तुविशारदाकडे जाण्याआधी धर्मविचाराने हाताळलेला आहे.

जैन परंपरेचे उत्तर कडक: हिंसा शक्य तितकी कमी करत न्यायची. पाणी गाळून प्यायचे, एवढ्यावर ते थांबत नाही. गाळण्याला लागलेले जीव ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत परत सोडायचे. तळ्यातला जीव आडात टाकला तर तो जगेलच असे नाही, इतका बारीक विचार त्यामागे आहे. अहमदाबादच्या जुन्या पोळांमध्ये, म्हणजे दाट गल्ल्यांच्या वस्त्यांमध्ये, हिंदू आणि जैन घरांच्या चौकाखाली पावसाचे पाणी साठवणारी टाकी असत. त्यांत उजेड शिरत नाही, म्हणून शेवाळ धरत नाही. त्याच पोळांत खांबावर उभारलेला, नक्षीदार चबुतरा पाखरांच्या दाण्यांसाठी. माणसाच्या पाण्याची सोय जमिनीखाली आणि पाखराच्या दाण्याची डोक्यावर, अशी ही वस्ती.

मराठी परसदारी हा विचार ग्रंथात न जाता अंगवळणी पडला. मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ, उष्ट्या-खरकट्यावर गाय किंवा कुत्रे, चुलीतली राख भांड्यांना. फुकट जाईल असे पाणी घरात नव्हतेच. आज सांडपाण्याच्या पुनर्वापराचा आराखडा काढणाऱ्याला अळूचा वाफा दाखवला तर तो बहुधा मान डोलावेल.

इथवर सगळे गोड आहे. अडचण पुढे आहे.

त्याच मनुस्मृतीत, त्याच अध्यायात, भूतबळी कुणासाठी ठेवायचा याची यादी आहे: कुत्री, पतित, श्वपच (चांडाळ), पापरोगी, कावळे, कृमी. समाजाने बाहेर काढलेली माणसे कुत्र्या-कावळ्यांच्या रांगेत, आणि त्यांचा घास जमिनीवर. डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला हा ग्रंथ जाळला गेला. त्याचे स्मरण ठेवूनच महाराष्ट्रात यज्ञाच्या औदार्याबद्दल बोलता येते. दुसरी गोष्ट आणखी घरातली. चूल, जाते, केरसुणी, मुसळ, घडा ही पाचही कामे बाईची. दोष तिच्या हातून घडणार आणि प्रायश्चित्ताचा यजमान मात्र पुरुष. म्हणजे निसर्गाचे ऋण फेडणाऱ्या या घरात श्रमाचे ऋण कुठेच मांडलेले नव्हते.

गांधींचा वर्ध्याजवळचा प्रयोग महत्त्वाचा वाटतो तो यामुळे. 1936 साली ते सेगावात राहायला आले. पुढे त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. आदर्श खेड्यातली घरे पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानातून बांधावीत, असे त्यांनी 1937 च्या ‘हरिजन’मध्ये लिहिले. बापू कुटी त्याच विचाराची: मातीच्या भिंती, लाकूड, बांबू, वर कौले. वर्ध्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. जाड मातीची भिंत दिवसाची उष्णता हळूहळू शोषते आणि ती आत पोहोचेपर्यंत बाहेर संध्याकाळ होते. सिमेंट लागत नाही, हा आजच्या हिशेबात मोठा मुद्दा, कारण जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनातला सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. पाच मैलांचा तो विचार लॉरी बेकर या इंग्रज वास्तुविशारदाने आयुष्यभर जपला. क्वेकर पंथाचा साधेपणा तरुणपणी स्वीकारलेल्या बेकरने केरळात विटा उभ्या रचून मधे पोकळी ठेवणाऱ्या भिंती बांधल्या. त्यांत सुमारे पाव विटा वाचतात आणि पोकळीतली हवा ऊन अडवते.

सेवाग्रामात एक पिंजरा आणि लाकडी चिमटा जपून ठेवला आहे. आश्रमात साप निघाला की तो मारायचा नाही, पकडून दूर रानात सोडायचा. मातीच्या घरात साप, विंचू, उंदीर येणारच. भिंत जितकी जिवंत, तितके भाडे न देणारे भाडेकरू जास्त. अहिंसा इथे ग्रंथातून उतरून चिमट्याच्या लांबीचा प्रश्न होते.

मातीचे घर एकदा बांधून मोकळे होता येत नाही. दर पावसाळ्याआधी कौले परतायची, भिंती लिंपायच्या, जमीन सारवायची. त्याचे टिकणे सामानात नसते, वर्षानुवर्षांच्या डागडुजीत असते. आणि ही डागडुजी कुणी करायची? गांधींचे उत्तर सरळ होते: राहणाऱ्याने. झाडू आणि संडाससफाईही त्यातच. सेवाग्रामपासून जवळच, धाम नदीच्या काठी पवनारला, विनोबांनी 1950 च्या सुमारास हाच धागा पार टोकाला नेला. पैशाशिवाय जगायचे आणि बैलांशिवाय, कुदळीने शेती करायची: कांचनमुक्ती आणि ऋषिखेती. बैलाच्या मानेवरचे जूही हिंसाच, हे त्यांचे तर्कशुद्ध म्हणणे. पण कोरडवाहू विदर्भातल्या शेतकऱ्याला कुदळीवर संसार ओढायला सांगणे म्हणजे बैलाचे जू त्याच्या मानेवर देणे, ही शंकाही तितकीच तर्कशुद्ध. पाच-दहा ब्रह्मचाऱ्यांच्या आश्रमाला जे साधते ते लेकुरवाळ्या घराला साधेलच, असे नाही.

या सगळ्यांत लेकुरवाळ्या घराच्या सर्वांत जवळ पोहोचले ते अप्पासाहेब पटवर्धन. उच्चशिक्षित, ब्राह्मण घरातले. ‘कोकणचे गांधी’ म्हणून ओळखले गेले. 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम करू द्या अशी मागणी केली. ती नाकारली गेल्यावर त्यांनी अन्न कमी केले आणि येरवड्यातून गांधींनीही त्यांच्यासाठी उपोषण आरंभले. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी संडासाचेच प्रयोग केले: मैला उपसायला माणूस लागू नये, त्यावर माती-पाचोळा पडावा, काही महिन्यांत त्याचे निर्गंध सोनखत व्हावे आणि ते माडा-पोफळीला जावे.

बागेच्या सुपीकतेचा आणि जातीच्या विटाळाचा प्रश्न त्यांनी एकाच खड्ड्यात सोडवायला घेतला. सोनखताचा उपयोग शेतकऱ्याला आधीही ठाऊक होता. पण ते डोक्यावरून वाहून नेणारी माणसे वेगळी होती. मनूच्या यादीतला ‘श्वपच’ भूतयज्ञाच्या घासाचा धनी होता. अप्पासाहेबांना तो घास नको होता. त्यांना डोक्यावरची पाटीच नाहीशी करायची होती. पंचमहायज्ञांवर आजवर झालेल्या टीकांमध्ये ही सर्वांत कृतिशील म्हणावी लागेल, आणि ती धर्मश्रद्ध माणसाने केली.

शहरातल्या सोसायट्यांसाठी 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला-सुका कचरा वेगळा करणे बंधनकारक केले. मोठ्या संकुलांत आता खताचा हौद असतो. हौद चालतो तोवर बागेला खत मिळते; पाचोळा कमी आणि खरकटे जास्त झाले की हवा खेळत नाही, वास सुटतो, तक्रारी येतात. मग हौदात उतरून ढिगारा वरखाली करायला बाहेरचा माणूस बोलावला जातो. त्याला हातमोजे मिळतात का, तासाला किती पैसे, सुट्टी असते का, हे सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत सौर पट्ट्यांच्या अनुदानाइतके रंगून चर्चिले जात नाही. अप्पासाहेब त्या सभेला असते, तर त्यांनी खताचा दर्जा विचारण्याआधी हौदात उतरण्याची पाळी लावलेला कागद मागितला असता आणि त्यावर सेक्रेटरीचे नाव कितव्या क्रमांकावर आहे ते पाहिले असते.