संशय आणि शोध

कांहीं बिघडलें कीं तें कसें बिघडलें हें पाहण्याअगोदर कोणीं बिघडविलें हें ठरविण्याची घाई, हा मनुष्यस्वभावाचा एक जुना दोष आहे. तर्कशास्त्र शिकविण्यांत आमचें अर्धें आयुष्य गेलें. तथापि या दोषापासून आम्ही स्वतः किती मुक्त आहों, याचा प्रत्यय गेल्या पावसाळ्यांत भंडाऱ्यास आमच्या घरींच आला.

धानाच्या रोवणीचे दिवस होते. हवेंत इतका ओलावा कीं फडताळांतील पितळेचीं भांडीं काळवंडलीं होतीं. एके सकाळीं आमचा लॅपटॉप सुरू होईना. बटण दाबतांच दिवा लागे, पंखा फिरे, पण पडदा काळा तो काळाच. आदल्या रात्रीं, शिक्षणासाठीं आमच्याकडे राहणाऱ्या भाच्यानें तो वापरला होता. "काय करून ठेवलेंस?" आम्हीं विचारलें. "मामा, मीं कांहीं केलें नाहीं," तो म्हणाला. आम्हीं ऐकलें, पण मानलें नाहीं.

गांवांतील एका तरुण कारागिराकडे यंत्र नेलें. शेवटीं तें कोणीं वापरलें, हें त्यानें विचारलेंच नाहीं. जोडलेल्या सर्व वस्तु व विजेची तार काढून त्यानें बटण अर्धा मिनिट दाबून धरलें, म्हणजे आंत उरलेली वीज निघून जावी. उपयोग झाला नाहीं. बाहेरचा पडदा जोडून पाहिला. तोही काळाच, म्हणजे दोष पडद्याचा नव्हे. मग त्यानें यंत्राची पाठ उघडली व 'रॅम' म्हणून ज्या स्मृतिपट्ट्या असतात त्या दोन्ही काढल्या. एकटी पहिली बसविली. यंत्र सुरू झालें. तिच्याच जागीं दुसरी बसविली, अंधार. ती असेल तेव्हां अंधार, नसेल तेव्हां उजेड! पाहतों तों त्या पट्टीच्या कडेवरील सोनेरी टोकांवर मळाचा पातळ थर. साध्या खोडरबरानें ती कड त्यानें हळूच घासली. दोन्ही पट्ट्या बसवितांच यंत्र पूर्ववत् चालूं लागलें.

आमचे नैयायिक यास अन्वयव्यतिरेक म्हणतात; मिल्लनें १८४३ सालच्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांत याच रीतीचे नियम बांधून दिले. वर्गांत हें आम्ही वर्षानुवर्षें शिकवीत आलों. घरांत मात्र 'त्यानें वापरलें, नंतर बिघडलें, म्हणून त्यानेंच बिघडविलें,' एवढ्यावर निकाल दिला! कावळा बसायला आणि फांदी मोडायला गांठ पडली, आणि आम्ही कावळ्यास शिक्षा करून मोकळे झालों.

कोणी म्हणेल, संशय येणें स्वाभाविकच होतें. होय, संशयावांचून शोधास आरंभच होत नाहीं. कारागिरासही संशय आलाच. परंतु त्यानें त्यास साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें केलें, आम्हीं न्यायासनावर बसविलें. आणि समजा, दोष भाच्याचाच निघाला असता, तर आम्ही न्यायी ठरलों असतों काय? आमच्या मतें नाहीं. न तपासतां दिलेला निकाल खरा निघाला, तरी तो न्याय नव्हे. नुसता योगायोग होय.

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. पट्टीवर संशय घेतला, ती काढली, पुन्हां बसविली. संशयानें पट्टीचें कांहीं बिघडलें नाहीं. मनुष्याचें तसें नाहीं. ज्याच्यावर संशय घ्यावा, तो त्या संशयानेंच बदलतो. म्हणून यंत्राच्या बाबतींत जी सावधगिरी केवळ सोयीची, ती मनुष्याच्या बाबतींत कर्तव्य होते.

आम्हीं भाच्याजवळ आमची चूक कबूल केली. "असूं द्या, मामा," एवढेंच तो बोलला. यंत्र आज उत्तम चालतें. परंतु त्यास हात लावण्यापूर्वीं तो अजून आम्हांस विचारतो, आणि प्रत्येक वेळीं आम्हांस आमचा तो निकाल आठवतो.