बुद्ध्यंक आणि अन्वयार्थ

बुद्धिमापन हा साहित्यसमीक्षेचा विषय नव्हे, असा आपला समज आहे. परंतु चाचणीतील प्रत्येक प्रश्न ही एक संहिताच असते, आणि उत्तरसूची तिचा एकच अन्वयार्थ प्रमाण मानते. तेव्हा हा प्रमाण वाचक कोण, असे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

करमाळा तालुक्यातील जेऊरच्या परिसरात, ऊसतोडणी पाहत वाढलेल्या मुलापुढे चार शब्द ठेवले आहेत अशी कल्पना करू : कोयता, ऊस, बैलगाडी, खुरपे. यांतले विसंगत कोणते? उत्तरसूची 'ऊस' म्हणेल. तो वनस्पती, इतर वस्तू मनुष्यनिर्मित. मूल 'खुरपे' म्हणेल; तोडणीच्या दिवसांत खुरप्याचे काय काम? पहिले उत्तर वर्गीकरणाचे, दुसरे व्यवहाराचे. अलेक्झांडर लुरियाला 1931-32 मध्ये उझबेकिस्तानातील शेतकऱ्यांकडून नेमकी अशीच उत्तरे मिळाली होती. दुसऱ्या उत्तरात तर्क नाही, असे कोण म्हणेल? तरीही गुण मिळतो तो पहिल्यालाच.

बिने आणि सायमन यांनी 1905 मध्ये चाचणी रचली ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना साहाय्य मिळावे म्हणून. 1912 मध्ये स्टर्नने मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागले, आणि मदतीच्या साधनाला अंकाचे रूप आले. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कानडी मुलांसाठी या श्रेणीची आवृत्ती सिद्ध केली. त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1940 चा. ते केवळ भाषांतर नव्हते, हे कृतज्ञतेने नोंदविले पाहिजे. मात्र प्रमाणीकरणाने प्रश्नाची काठिण्यपातळी ठरते. 'योग्य' अर्थ ठरविण्याची सत्ता कोणाची, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

मराठी भाषा या बाबतीत अधिक सावध आहे. हुशार, शहाणा, अक्कलवान, चतुर हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. 'दीडशहाणा' या शब्दात तर एकाहून अधिक शहाणपण हे उणेपण ठरते! (बुद्ध्यंकाच्या गणिताने त्याचे दीडशे झाले असते.)

मापनच नाकारावे, असे मला म्हणायचे नाही. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर मुलाच्या सवलती अवलंबून असतात. 2016 च्या कायद्यानेही बौद्धिक दिव्यांगत्वाच्या व्याख्येत बौद्धिक कार्याबरोबर अनुकूलनशील वर्तनाचा समावेश केला आहे. चांगला परीक्षक उत्तरामागचे कारण विचारतो, टिपूनही ठेवतो. पण अहवालातून पुढच्या कार्यालयात पोहोचतो तो बहुधा अंक. खुरप्याचे कारण मागेच राहते.