कृष्णविवरात कृष्ण शोधावा का?



आजचं वाचन: ऋग्वेद, मंडल १०, सूक्त १२९ (नासदीय सूक्त) आणि भगवद्गीता, अध्याय ११

१० एप्रिल २०१९ ला कृष्णविवराचं पहिलं चित्र जगाने पाहिलं. एम८७ या दीर्घिकेच्या मध्यभागी असलेलं हे कृष्णविवर आपल्यापासून सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षं दूर आहे आणि त्याचं वस्तुमान सूर्याच्या जवळजवळ साडेसहाशे कोटी पट आहे. काळोख, आणि त्याच्याभोवती केशरी कडं. त्यात मराठी नावही असं की भक्ताचं मन लगेच पाघळावं. मग फॉरवर्ड फिरतात: गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूपाच्या मुखात सगळे योद्धे शिरतात ना, तेच हे! आपल्या ऋषींना सगळं आधीच माहीत होतं!

वाचून छान वाटतं, हे खरं. पण या नावातल्या ‘कृष्ण’चा अर्थ फक्त ‘काळं’ एवढाच आहे. आणि ते केशरी कडंही डोळ्यांना दिसलेलं नाही. रेडिओ लहरींच्या नोंदींना आपण दिलेला तो रंग आहे. म्हणून आज एक प्रश्न घेऊया: देवावरची श्रद्धा टिकवायला असा आधार घेणं योग्य आहे का? आणि जो मित्र म्हणतो ‘देव वगैरे काही नाही’, त्याच्याशी आपण कसं वागायचं?

आधी एक गोष्ट, घडलेली. १९३० साली एकोणीस वर्षांचा एक मुलगा मुंबईहून इंग्लंडला बोटीने निघाला. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. प्रवासात त्याने गणित मांडलं आणि त्यातून पुढे निष्कर्ष आला की विझत आलेल्या ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पटींपेक्षा जास्त उरलं, तर तो श्वेत बटू म्हणून स्थिर राहू शकत नाही, कोसळत जातो. कृष्णविवराच्या कल्पनेकडे नेणारी ही वाट होती. १९३५ मध्ये लंडनच्या सभेत आर्थर एडिंग्टन यांनी ही कल्पना जाहीरपणे उडवून लावली. एडिंग्टन त्या काळातले फार मोठे खगोलशास्त्रज्ञ, आणि क्वेकर पंथाचे श्रद्धाळू ख्रिस्ती. चंद्रशेखर स्वतःला नास्तिक म्हणवत. बरोबर कोण ठरलं? चंद्रशेखर. १९८३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

एडिंग्टन श्रद्धाळू होते म्हणून चुकले असं नाही, त्यांचा आक्षेप भौतिकशास्त्रातला होता. पण एवढं तर दिसतंच की सृष्टीचं सत्य प्रार्थना करणाऱ्यालाच आधी कळतं असा काही नियम नाही. ज्याने मनापासून शोधलं, त्याला ते मिळालं.

आता उलट बाजू. विश्वाची सुरुवात एका अतिशय दाट अवस्थेतून झाली ही कल्पना १९३१ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी या विज्ञानात सृष्टिकर्त्याच्या बाजूचा पुरावा पाहिला. आनंद कोणाला व्हायला हवा होता? लमेत्रना. पण त्यांनाच ते रुचलं नाही. वैज्ञानिक सिद्धांत आणि श्रद्धा यांची अशी गाठ मारू नये, असं त्यांचं मत होतं.

का ते आपल्या घरच्या उदाहरणाने पाहा. कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर आणि त्यांचे गुरू फ्रेड हॉयल यांना बिग बँग पटला नव्हता. विश्वाला अशी एकच सुरुवात नाही, या बाजूने त्यांनी अनेक वर्षं काम केलं. आज बहुतेक शास्त्रज्ञ बिग बँग मानतात आणि विश्वाचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं सांगतात. पण समजा, हॉयल-नारळीकर बरोबर ठरले असते. आपण काय म्हटलं असतं? ‘बघा, आमच्या शास्त्रात विश्व अनादि सांगितलंय!’ आणि बिग बँग खरा ठरला तर? ‘बघा, हिरण्यगर्भ!’ निकाल काहीही लागला तरी जो पुरावा आपल्याच बाजूने पडतो, तो पुरावा नसतो हो. ती आपली भीती असते. देव हातातून निसटेल की काय, ही भीती.

नासदीय सूक्ताच्या ऋषीला ही भीती नव्हती. तो विचारतो, तेव्हा काय होतं? कोणी पाहिलं? देवही सृष्टीनंतरचेच, मग सांगणार कोण? आणि शेवटी तर तो असंही म्हणून जातो की परम आकाशात बसून हे सारं पाहणारा कदाचित जाणत असेल, कदाचित त्यालाही ठाऊक नसेल. हे कुठल्या नास्तिकाच्या पुस्तकात नाही, वेदात आहे. आणि आपल्या पूर्वजांनी ते खोडलं नाही. हजारो वर्षं तोंडपाठ करून, स्वर न चुकवता, तो संशय जपला. सांख्यकारिकेत तर जगाची उत्पत्ती सांगताना ईश्वर लागतच नाही. तरी सांख्यांचे आद्य आचार्य मानले जाणारे कपिलमुनी गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंताच्या विभूतींमध्ये आहेत. एवढी जागा आपल्या घरात आहे, मग रूममेटच्या एका प्रश्नाने आपण का चिडावं?

आता पुन्हा अकरावा अध्याय. अर्जुनाने विश्वरूप पाहिलं तेव्हा त्याची भक्ती वाढली का? तो थरथरला. आठवलं काय, तर ‘अरे कृष्णा, अरे सख्या’ म्हणत आपण थट्टा केली, एकत्र जेवलो-बसलो ते. आणि मागितलं काय, तर ओळखीचं सौम्य रूप. विश्वाच्या आकाराने माणूस दिपतो, घाबरतो. प्रेम जडतं ते नात्याने. भगवंतही पुढे सांगतात की हे दर्शन वेदांनी, तपाने, दानाने मिळत नाही, अनन्य भक्तीनेच मिळतं. मग ते दुर्बिणीकडून का मागायचं?

विश्व कसं झालं, ते शास्त्रज्ञांना शोधू द्या, आपणही कौतुकाने वाचू. या विश्वात मी कोणाचा होऊन जगू, हा प्रश्न मात्र नामस्मरणात, सेवेत, रोजच्या वागण्यात सोडवायचा आहे. तिथे खोटा फॉरवर्ड कामाचा नाही. सत्याला देव म्हणायचं आणि देवासाठी असत्य पसरवायचं, हे कसं जमणार?

आजचा छोटा संकल्प: ‘आमच्या शास्त्रात आधीच होतं’ असा मेसेज आला, तर खात्री केल्याशिवाय पुढे पाठवणार नाही. आणि देव न मानणाऱ्या एका मित्राचं म्हणणं आज शेवटपर्यंत ऐकेन, मध्ये न बोलता.

हे विठ्ठला, मला कळत नाही तिथे ‘कळत नाही’ म्हणायचं धैर्य दे. आणि तरीही तुझं नाव ओठांवर राहू दे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥