मागच्या भिंतीवरचा पॉइंट

मिशिगनमध्ये मे महिना लागला की हिवाळाभर झाकून ठेवलेल्या आरव्ही बाहेर निघतात. ओटा, फ्रिज, पलंग, गीझर, सगळा संसार चाकांवर. त्या मराठी कुटुंबानेही आपली गाडी धुऊनपुसून गॅरेजमधल्या पॉइंटला जोडली, आणि पॉइंटवरचं बटण खटकन पडलं. पुन्हा दाबलं, पुन्हा पडलं.

"जीएफसीआय गेलाय," मुलगा म्हणाला. दुकानातून नवा आणून बसवला. तोही पडला. "फारच नाजूक असतात हे. मागच्या भिंतीवर जुना दोन पिनांचा पॉइंट आहे, तिकडे जोडतो. तिथे ही कटकट नाही."

बाबा उन्हाळ्यापुरते लेकाकडे आले होते. सारी नोकरी वीज मंडळात झालेली. ते खुर्चीतून उठले.

"तिथे अर्थिंग आहे का?"

"नाही."

"गाडी रबरी टायरवर, बाहेरून सगळा पत्रा. आत कुठे गळती असली तर वीज पत्र्यात येईल. पोरगी अनवाणी ओल्या गवतातून येणार आणि दाराची कडी धरणार. जोडू नकोस."

जीएफसीआय नाजूक असतो हे खरं, आणि तो तसाच हवा. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पुरता परत येतो की नाही, यावर त्याची नजर असते. पाचेक मिलिअँपिअर कमी भरले की तो वीज तोडतो. माणसाचं शरीर किती करंट सोसतं याचा बर्कलेच्या चार्ल्स डॅलझिल या प्राध्यापकांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि 1961 मध्ये हे यंत्र घडवलं. 15 अँपिअरचा साधा ब्रेकर तारा जळू नयेत म्हणून असतो. त्याच्या शंभराव्या हिश्शात माणूस दगावतो, आणि ब्रेकरला त्याचा पत्ताही लागत नाही.

बाबांनी गाडीतले झाडून सगळे ब्रेकर बंद करायला लावले आणि केबल पुन्हा गॅरेजमध्ये जोडली. बटण पडलंच.

"बघा! आत काहीच चालू नाही, तरी पडतंय. पॉइंटचाच दोष."

"ब्रेकर फेज तोडतो. न्यूट्रल जोडलेलाच राहतो. आत कुठेतरी तो अर्थला टेकलाय. गाडीत हे दोघं वेगळे राहिले पाहिजेत. त्यांची गाठ पडायची ती घराच्या मुख्य पॅनेलमध्ये. केबल काढ आणि मीटर आण."

पॅनेलचं झाकण उघडलं. मीटरची एक पिन न्यूट्रलच्या पट्टीवर, दुसरी अर्थच्या. दोघांत काहीच संबंध दिसायला नको होता, पण मीटर थोडेसेच ओहम दाखवत होता. मुलगा एकेक पांढरी तार सोडवू लागला. एसीची सुटली, मायक्रोवेव्हची, फ्रिजची, आकडा तसाच. गीझरची तार सुटली आणि आकडा नाहीसा झाला.

गीझरची कॉइल खोलून काढली. बाहेरची नळी लांबलचक उकललेली, आतली पांढरी भुकटी बाहेर आलेली. बाबांनी ती उन्हात फिरवून पाहिली. "ही कोरडी तापलीये."

थंडीत पाणी गोठून टाकी फुटू नये म्हणून ती रिकामी करून ठेवली होती. मुलगा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "परवा सगळं चालतंय का बघताना गीझरचं बटण दाबलं होतं. पाणी नंतर भरू म्हटलं."

"आणि शिक्षा पॉइंटला."

नवी कॉइल बसली. आधी टाकी भरली. गरम पाण्याचा नळ फुरफुरायचा थांबून सलग धार येईपर्यंत सूनबाई तिथेच उभ्या राहिल्या. मगच गीझर लावला. गॅरेजमधलं बटण जागचं हललं नाही.

निघायची घाई होती, पण मुलगा स्क्रूड्रायव्हर घेऊन घराच्या मागे गेला. खराब म्हणून काढून ठेवलेला पहिला जीएफसीआय त्याने त्या जुन्या पॉइंटच्या जागी बसवला, टेस्टचं बटण दाबून तो पडतो ना ते पाहिलं, आणि नियमाप्रमाणे इथे अर्थिंग नाही अशी पट्टी वर चिकटवली.