उलटा बसविलेला दगड

मनुष्याचें पूर्वायुष्य त्याला जन्मभर चिकटून राहावें काय? हा प्रश्न प्रत्येक मंडळींत केव्हां ना केव्हां उपस्थित होतोच. त्याचा विचार करितांना इंग्लंडांतील एका लहानशा मंदिराची हकीकत उपयोगी पडेल.

त्या देशाच्या उत्तरेस डरहॅम परगण्यांत एस्कम नांवाचें खेडें आहे. तेथील उपासनामंदिर इ. स. ६७५ च्या सुमारास बांधलेलें असून आजहि उभें आहे. रचना अगदीं साधी आहे. एक लांब, अरुंद व उंच दालन. त्याच्या पूर्वेस वेदीची लहान चौकोनी खोली. दोहोंच्या मध्यें एक उंच कमान. जुन्या खिडक्या बाहेरून लहान, पण आंतल्या बाजूस रुंद होत गेलेल्या आहेत. त्यामुळें थोडासाच उजेड आंत येऊन दूरवर पसरतो.

परंतु तेथील दगड मंदिराकरितां घडविलेले नव्हते. जवळच बिंचेस्टर येथें रोमी सैन्याचा किल्ला होता. इ. स. ४१० च्या सुमारास त्या बेटावरील रोमी अंमल संपला. पुढें अडीचशेंहून अधिक वर्षांनीं त्या किल्ल्याचे दगड आणून हें मंदिर उभारण्यांत आलें. उत्तरेच्या भिंतींत एका दगडावर रोमी सैन्याच्या सहाव्या पलटणीचें नांव कोरलेलें आहे, आणि तो दगड उलटा बसविलेला आहे.

कोणी म्हणेल, ज्या दगडांच्या आड शिपाई भाले परजीत बसले, ते उपासनेस कसे चालतील? परंतु गवंड्यांनीं तीं अक्षरें तासून टाकलीं नाहींत. दगड ओळींत बसला, वरचा भार सोसूं लागला, एवढें पुरें झालें.

येथें एक शंका रास्त आहे. दगडानें कोणाचें वाईट केलें नव्हतें. मनुष्य तर करितो. म्हणून ज्याचें नुकसान केलें त्याची भरपाई त्यानें केलीच पाहिजे, आणि मागील गोष्ट नाकारूंहि नये. परंतु जो हें करून आपल्या जागीं निमूटपणें भार वाहूं लागला आहे, त्याला पंक्तींत किंवा सभेंत “काल तूं कोण होतास?” असें हिणविणारा मनुष्य न्याय करीत नाहीं, तो भिंतींतला दगड उपटीत असतो. आणि एक दगड उपटला म्हणजे त्याच्या वरचेहि ढासळतात.

एस्कमच्या त्या दगडावरील नांव तेरा शतकांनंतरहि वाचतां येतें. भिंतहि उभी आहे.